दोन सिलिंडर, दोन बंद खोल्या : टू-स्ट्रोक व्ही-ट्विन इंजिनाचा इतिहास

व्ही-ट्विन म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर हार्ले-डेव्हिडसन येते : मोठे, जड, सावकाश धडधडणारे फोर-स्ट्रोक इंजिन. टू-स्ट्रोक म्हटले की आठवते यामाहा आरएक्स १००, नाहीतर घरातली जुनी स्कूटर आणि तिच्यामागचा निळसर धूर. हे दोन्ही शब्द एकाच इंजिनाला लावले की वर्गात जरा शांतता पसरते. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आपल्याकडे रस्त्यावर टू-स्ट्रोक गाड्या लाखोंनी होत्या, पण त्या जवळजवळ सगळ्या एका सिलिंडरच्या. दोन सिलिंडरची नावाजलेली गाडी म्हणजे एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेली राजदूत ३५०. तिचेही सिलिंडर शेजारी-शेजारी उभे होते, व्ही आकारात नव्हते.

तरीही हे इंजिन अभ्यासण्यासारखे आहे. १९८५ ते २००९ या काळात २५० सीसी गटातल्या जागतिक शर्यतींवर त्याचेच राज्य होते, आणि त्याच काळात कायद्याने, अर्थशास्त्राने आणि हवेच्या प्रश्नाने त्याला रस्त्यावरून हटवले. त्याच्या यशाचे कारण आणि अंताचे कारण एकच आहे. ते कारण १८९१ सालच्या एका पेटंटमध्ये सापडते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

क्रँककेसचा पंप

टू-स्ट्रोक म्हणजे द्विआघाती चक्राचे पहिले चालते इंजिन स्कॉटिश अभियंता ड्युगल्ड क्लार्क याने १८७८ च्या सुमारास बनवले आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ऑटोच्या चार आघातांच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. क्लार्कला तो प्रत्येक फेरीत हवा होता. त्यासाठी ताजे मिश्रण आत ढकलायला आणि जळका वायू बाहेर काढायला वेगळा आघात उरत नाही, म्हणून त्याने शेजारी एक स्वतंत्र पंप-सिलिंडर बसवला. इंजिन चालले, पण ते अवजड आणि महाग होते.

इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने हा पंपच काढून टाकला. पिस्टन वर-खाली होताना त्याच्या खालच्या बंद जागेतही, म्हणजे क्रँककेसमध्ये, दाब कमी-जास्त होतोच. मग तीच जागा पंप म्हणून का वापरू नये? त्याचे पेटंट १८९१ चे. डेच्या मूळ रचनेत मिश्रण आत घेण्यासाठी एकमार्गी झडप होती. त्याच्याकडे काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉकने ती झडपही घालवली आणि पिस्टनची खालची कडाच इनलेट पोर्ट उघडेल-मिटवेल अशी सोय केली. आता इंजिनात हलणारे भाग उरले तीन : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट. कॅम नाही, टॅपेट नाहीत, व्हॉल्व्ह स्प्रिंग नाही.

काम कसे चालते ते नीट पाहा, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. पिस्टन वर जातो तेव्हा वरच्या बाजूला मिश्रण दाबले जाते, आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये दाब उतरून ताजे मिश्रण आत ओढले जाते. वर ठिणगी पडते, पिस्टन खाली येतो. खाली येताना तो क्रँककेसमधले मिश्रण थोडेसे दाबतो. हे दाबणे फार नसते. आकारमानाचे गुणोत्तर साधारण १.३ ते १.५ इतकेच. मग आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो आणि जळका वायू सुटतो. पिस्टन आणखी उतरला की ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि खालचे दाबलेले मिश्रण वर सिलिंडरमध्ये शिरते. शिरता शिरता ते उरलेल्या जळक्या वायूला बाहेर लोटते. या क्रियेला स्कॅव्हेंजिंग म्हणतात.

इथे दोन गोष्टी अधोरेखित करून ठेवा. पहिली : पोर्ट हे सिलिंडरच्या भिंतीतली भोके आहेत आणि ती पिस्टनच्या कडेने उघडतात, म्हणजे जे भोक आधी उघडते तेच शेवटी मिटते. एक्झॉस्ट पोर्ट ट्रान्सफरच्या आधी उघडायलाच हवा, म्हणून तो ट्रान्सफरच्या नंतरच मिटणार. ट्रान्सफर मिटल्यावरही बाहेरचे दार काही काळ सताड उघडे राहते, आणि आत आलेल्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निघून जातो. दुसरी : मिश्रण क्रँककेसमधून जाते, म्हणून तिथे ऑईल साठवून ठेवता येत नाही. बेअरिंगला लागणारे ऑईल पेट्रोलबरोबरच यावे लागते आणि त्याच्याबरोबरच जळून जावे लागते. पंपावर ‘टू-टी’ मागून घेणारी पिढी हे पुस्तकाशिवाय जाणत होती.

परीक्षेत ‘टू-स्ट्रोकची शक्ती फोर-स्ट्रोकच्या दुप्पट’ असे लिहिणाऱ्यांनी पहिला मुद्दा पुन्हा वाचावा. स्फोट दुप्पट वेळा होतात हे खरे. पण प्रत्येक स्फोटाला सिलिंडर पूर्ण भरलेला नसतो, आणि आत आलेले सगळे पेट्रोल जळतही नाही.

तरीही स्वस्त आणि हलके इंजिन म्हणून डेची कल्पना झपाट्याने पसरली. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने १९०८ पासून पाण्याने थंड होणाऱ्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मोटारसायकली बनवल्या, आणि १९१२ व १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याच्या गाड्यांनी आईल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. जर्मनीत झोपाऊ गावच्या डीकेडब्ल्यू कारखान्याने श्न्यूर्लेची लूप स्कॅव्हेंजिंगची पद्धत पेट्रोल इंजिनात आणली. त्याआधी ताजे मिश्रण वर वळवायला पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा ठेवावा लागे; तो जड असे आणि तापे. श्न्यूर्लेने ट्रान्सफर पोर्टच तिरके केले, त्यामुळे मिश्रणाचे दोन झोत एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीवर आदळून वर वळतात, आणि पिस्टनचे डोके जवळजवळ सपाट ठेवता येते. डीकेडब्ल्यूची आरटी १२५ महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपान अशा सगळीकडे नकलली गेली. यामाहाची पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, तिच्याच साच्यातली.

सायलेन्सरचे गणित

युद्धानंतर झोपाऊ पूर्व जर्मनीत गेले आणि कारखान्याचे नाव पुढे एमझेड झाले. तिथल्या शर्यत विभागाचा प्रमुख वाल्टर काडेन याच्याकडे पैसा नव्हता, चांगला पोलाद मिळणे मुश्किल होते, पण ध्वनिलहरींची समज होती. उघड्या राहणाऱ्या दाराला कवाड बसवता येत नसेल, तर बाहेरून ढकलून ते ‘बंद’ करता येईल, असे त्याने पाहिले.

एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लहर पाइपमधून ध्वनीच्या वेगाने धावत सुटते. पाइप रुंद होत गेला की उलट दिशेने ओढीची लहर परत येते, आणि ती जळका वायू व ताजे मिश्रण सिलिंडरमधून बाहेरच्या बाजूला ओढते. पुढे पाइप पुन्हा अरुंद होतो तिथून दाबाची लहर परत येते. ती बरोबर वेळेवर पोचली, तर बाहेर पाइपमध्ये गेलेले ताजे मिश्रण एक्झॉस्ट पोर्ट मिटायच्या आत परत सिलिंडरमध्ये लोटते. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा तो पाइप म्हणजे एक्स्पान्शन चेंबर.

एक हिशेब वहीत करून पाहा. इंजिन मिनिटाला ११,००० फेरे घेते आहे. एका फेरीला सुमारे ५.४५ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या १९५ अंशांपर्यंत उघडा राहतो असे धरले, तर तो उघडा असतो सुमारे २.९५ मिलिसेकंद. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला, तर एवढ्या वेळात लहर जवळपास १.४८ मीटर जाते. जाऊन परत यायचे म्हणून परावर्तनाची जागा पोर्टपासून साधारण ७४ सेंटिमीटरवर हवी. हाच पाइप ६,००० फेऱ्यांवर वापरा. आता पोर्ट ५.४ मिलिसेकंद उघडा आहे, पण लहर मात्र २.९५ मिलिसेकंदातच परत येते. त्या क्षणी पिस्टन तळाशी असतो, ट्रान्सफर पोर्ट पूर्ण उघडे असतात, आणि परतलेली लहर आत येणाऱ्या मिश्रणालाच अडवते. टू-स्ट्रोक शर्यतीची गाडी खालच्या वेगात मरगळलेली आणि एका ठरावीक वेगानंतर एकदम उसळणारी का असते, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. सायलेन्सर कापून ‘आवाज’ काढणाऱ्यांनी गाडीची शक्ती का घालवली, तेही यात आहे.

काडेनने याला डॅनिएल झिमरमनच्या कामातून आलेल्या फिरत्या चकतीच्या झडपेची जोड दिली, आणि १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती गाठली. त्या वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर विश्वविजेतेपदाच्या अगदी जवळ होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीत डेग्नरचे इंजिन बिघडले, आणि शर्यतीनंतर तो परत गेलाच नाही. त्याची पत्नी आणि मुले मोटारीच्या डिकीत लपून पश्चिमेकडे पोचली. पुढच्या वर्षी तो सुझुकीच्या गाडीवर होता, आणि १९६२ चे ५० सीसीचे विजेतेपद सुझुकीचे होते : कोणत्याही टू-स्ट्रोक गाडीने मिळवलेले पहिले विश्वविजेतेपद. काडेन झोपाऊमध्येच राहिला. एमझेडला रोड रेसिंगचे विश्वविजेतेपद कधीच मिळाले नाही. तंत्रज्ञानाचे ‘हस्तांतरण’ हा शब्द पाठ्यपुस्तकात फार स्वच्छ दिसतो; त्याच्यामागे अशीही प्रकरणे असतात. डेग्नरला फितूर म्हणायचे की भिंतीपलीकडून कुटुंब सोडवणारा माणूस, यावर मी वर्गात मत देत नाही. काडेनचे काम त्याच्या परवानगीशिवाय गेले, एवढे मात्र नोंदवतो.

दोन सिलिंडर मांडायचे कसे?

१९६० च्या दशकात जपानी कंपन्यांनी हे ज्ञान घेऊन सिलिंडरांची संख्या वाढवत नेली. यामाहाने २५० सीसीत चार सिलिंडरचे टू-स्ट्रोक आणले, होंडाने सहा सिलिंडरचे फोर-स्ट्रोक. खर्चाला लगाम घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७० पासून २५० सीसी गटात जास्तीत जास्त दोन सिलिंडर, असा नियम केला. त्यामुळे प्रश्न उरला एकच : हे दोन सिलिंडर मांडायचे कसे?

फोर-स्ट्रोकमध्ये हा प्रश्न मुख्यतः तोलाचा आणि जागेचा असतो. हार्लेच्या व्ही-ट्विनमध्ये दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, एकाच प्रतलात बसतात. एकाचे टोक दुकाट्यासारखे, दुसरे त्याच्या फटीत. खाली क्रँककेस एकच. टू-स्ट्रोकमध्ये असे करता येत नाही, कारण इथे क्रँककेस हा पंप आहे. १८० अंशांच्या जुळ्या इंजिनात एक पिस्टन खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो. खोली सामाईक ठेवली तर एकूण आकारमान जवळजवळ बदलतच नाही, आणि पंप चालत नाही. व्ही मांडणीत सामाईक खोलीचा दाब दोन्ही सिलिंडरांच्या मधल्याच कुठल्यातरी क्षणी चढतो, म्हणजे दोघांनाही चुकीच्या वेळी. दोन्ही पिस्टन बरोबरीने वर-खाली होत असतील तरच एक खोली पुरते, पण मग इंजिनाला तोल उरत नाही.

म्हणून टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची हवाबंद खोली लागते. क्रँकशाफ्ट तुकड्यातुकड्यांनी दाबून जोडलेला असतो, आणि दोन खोल्यांच्या मधे बेअरिंग व सील असते. हे मधले सील गेले की एका खोलीचे मिश्रण दुसरीत शिरते आणि इंजिन सुरू होताना, रेंगाळताना त्रास देते. राजदूत ३५० उघडणारे मेकॅनिक क्रँक बाहेर काढला की आधी हे सील बघतात, ते उगाच नाही.

दोन खोल्यांची अट मान्य केली की मांडणीचे तीन मार्ग उरतात. पहिला, शेजारी-शेजारी. यामाहाची टीझेड २५० १९७३ पासून अशीच होती. क्रँकपिन १८० अंशांवर ठेवले की स्फोट समान अंतराने होतात आणि दोन्ही पिस्टनचे मुख्य जडत्वबल एकमेकांना छेदते. पण ही बले एका रेषेत नसतात, त्यामुळे इंजिन डावी-उजवीकडे डोलते. शिवाय दोन सिलिंडरांच्या मधे दोघांचेही ट्रान्सफर मार्ग बसवायचे म्हणून ते जवळ आणता येत नाहीत, आणि इंजिन रुंद होते.

दुसरा मार्ग कावासाकीच्या केआर २५० चा : एकामागे एक सिलिंडर, प्रत्येकाला वेगळा क्रँकशाफ्ट आणि दोघांना जोडणारे गिअर. इंजिन अरुंद झाले. कॉर्क बॅलिंग्टन आणि टोनी मांग यांनी १९७८ ते १९८१ अशी सलग चार विजेतेपदे या गाडीवर मिळवली. पण दोन क्रँक म्हणजे जास्त बेअरिंग, जास्त वजन, जास्त घर्षण.

तिसरा मार्ग ९० अंशांच्या व्हीचा. याचे गणित सोपे आणि सुंदर आहे. पिस्टनचे प्राथमिक जडत्वबल सिलिंडरच्या अक्षावर कोसाइनसारखे बदलते. दोन सिलिंडर एकमेकांना काटकोनात ठेवा आणि क्रँकपिन एकाच कोनावर ठेवा. आता एका दिशेत कोसाइन, काटकोनात साइन. दोन्हींची बेरीज म्हणजे परिमाण न बदलता क्रँकबरोबर फिरणारे एकच बल. तेवढेच वजन क्रँकच्या विरुद्ध बाजूला लावले की ते नाहीसे होते. वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागत नाही. दुय्यम बल उरते, आणि खोल्या वेगळ्या असल्यामुळे सिलिंडर किंचित आडवे सरकलेले असतात म्हणून थोडे डोलणेही उरते. पण ते शेजारी-शेजारीच्या मांडणीपेक्षा कमी. सिलिंडर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असल्यामुळे त्यांचे ट्रान्सफर मार्ग एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि खोल्या जवळ आणता येतात. किंमत म्हणून स्फोटांचे अंतर विषम होते : ९० अंश, मग २७० अंश.

आता वरच्या सायलेन्सरच्या गणिताकडे परत या. प्रत्येक सिलिंडरला पाऊण मीटरच्या आसपासचा, मधे फुगलेला, स्वतंत्र पाइप हवा. शेजारी-शेजारीच्या इंजिनात दोन्ही पाइप समोरून निघून इंजिनाखालून जातात. वळणावर गाडी झुकली की ते रस्त्याला घासू पाहतात. यामाहाने १९८९ च्या टीझेडआर २५० मध्ये सिलिंडरच उलटे फिरवले : कार्ब्युरेटर पुढे, पाइप सरळ मागे सीटखाली. कल्पना धाडसी होती, पण सीटखाली भट्टीच तयार झाली. व्हीमध्ये हा गुंता आपोआप सुटतो. पुढच्या सिलिंडरचा पाइप खालून जातो, मागच्याचा थेट मागे. दोन्ही कार्ब्युरेटर व्हीच्या बेचक्यात बसतात आणि रीड व्हॉल्व्हमधून मिश्रण सरळ क्रँककेसमध्ये सोडतात. १९९१ मध्ये यामाहानेही टीझेडआर आणि टीझेड, दोन्ही व्हीवर आणल्या.

होंडाचा उशीर

व्हीला शर्यतीत प्रतिष्ठा मिळाली ती होंडामुळे, आणि होंडा तिथे नाइलाजाने आली. फोर-स्ट्रोकवर श्रद्धा असलेल्या या कंपनीने १९७९ मध्ये ५०० सीसी गटात लंबगोल पिस्टनचे, बत्तीस व्हॉल्व्हचे एनआर ५०० उतरवले. अभियांत्रिकीचा तो चमत्कार होता, पण त्याने ग्रां प्री एकही जिंकली नाही. मग १९८२ मध्ये व्ही मांडणीचे तीन सिलिंडरचे टू-स्ट्रोक एनएस ५०० आले आणि १९८३ मध्ये फ्रेडी स्पेन्सर त्यावर विश्वविजेता झाला. १९८४ मध्ये चार सिलिंडरचे एनएसआर ५००. १९८५ साठी होंडाने जणू त्याचाच अर्धा भाग कापून २५० सीसीची व्ही-ट्विन तयार केली. स्पेन्सरने त्या एकाच हंगामात २५० आणि ५०० ही दोन्ही विजेतेपदे जिंकली. असे पुन्हा कुणाला जमले नाही.

त्यानंतरची यादी लांब आहे आणि इथे ती पाठ करण्यात अर्थ नाही. होंडावर मांग, पोन्स, कादालोरा. यामाहावर कोचिन्स्की, हरादा. अप्रिलियावर बियाजी, रॉसी, लोरेन्झो. अप्रिलियाच्या गाड्यांवर यान विटेवीन या डच अभियंत्याने फिरत्या चकतीची झडप कायम ठेवली; काडेनचा वारसा इटलीत असा टिकला. शेवटच्या वर्षांत ही २५० सीसीची इंजिने १०० अश्वशक्तीच्या पुढे गेली होती. म्हणजे लिटरमागे ४०० हून जास्त, १९६१ च्या झोपाऊच्या दुप्पट.

रस्त्यावर या गाड्या उतरल्या त्या जपानी नियमांच्या सावलीत. तिथे २५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींना ठरावीक मुदतीची खर्चिक सरकारी तपासणी लागत नाही, म्हणून तरुणांचा ओढा याच गटाकडे होता. होंडाची एनएस २५० आर १९८४ ची, एनएसआर २५० आर १९८६ ची. सुझुकीची व्ही-ट्विन आरजीव्ही २५० १९८८ ची. कंपन्यांनी आपसांत शक्तीची मर्यादा ४५ अश्वशक्ती ठरवली होती, ती पुढे ४० वर आली. सुझुकीचेच इंजिन घेऊन अप्रिलियाने १९९० च्या दशकाच्या मध्यात आरएस २५० काढली. यांतल्या बहुतेक गाड्यांत एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला सरकती झडप असे. होंडाची आरसी व्हॉल्व्ह, यामाहाची वायपीव्हीएस. कमी वेगात ती पोर्टची उंची घटवते, म्हणजे पोर्ट उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. ६,००० फेऱ्यांचा जो हिशेब वर बिघडला होता, त्यावरचा हा उतारा. १९९६ मध्ये सुझुकीने इंजिनाची लांबी कमी करण्यासाठी कोन ७० अंशांवर आणला. मग तोलाची फुकटची सोय गेली आणि तिची वेगळी भरपाई करावी लागली.

उघडे दार

एवढे सगळे करूनही डेचे दार उघडेच राहिले. परतणारी लहर ते एका अरुंद वेगपट्ट्यात ‘बंद’ करते. शहरातल्या रहदारीत, अर्ध्या थ्रॉटलवर, ते उघडेच असते. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा चतुर्थांश भाग, कधी त्याहूनही जास्त, न जळता बाहेर जातो. त्याला जळक्या ऑईलची जोड. नायट्रोजनची ऑक्साइड मात्र या इंजिनात कमी निघतात, कारण आत उरलेला जळका वायू ज्वलनाचे तापमान खाली ठेवतो. हा मुद्दा टू-स्ट्रोकचे प्रेमी नेहमी सांगतात आणि तो खरा आहे. पण न जळलेल्या हायड्रोकार्बनचा आकडा इतका मोठा असतो की त्याने काही साधत नाही.

आपल्याकडेही हेच घडले. १९८५ मध्ये एकाच वर्षी आरएक्स १०० आणि हीरो होंडा सीडी १०० बाजारात आल्या. तेव्हा तरुणांना पहिली हवी होती आणि घरखर्च चालवणाऱ्याला दुसरी. पुढे १९९६ आणि २००० च्या उत्सर्जन नियमांनी टू-स्ट्रोक मोटारसायकलींची जागा आणखी आकुंचित केली. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आज तिच्या जुन्या गाड्यांना जी किंमत येते तिचा इंजिनाच्या गुणाशी संबंध आहेच, पण आपण ज्या हवेत श्वास घेत होतो ती आठवण त्या किमतीत धरलेली नसते.

हे दार खरोखर बंद करण्याचा एक धीट प्रयत्न व्ही-ट्विनवरच झाला. इटलीतल्या रिमिनीच्या बिमोटा या छोट्या कंपनीने १९९७ मध्ये व्ही ड्यूए नावाची ५०० सीसी, ९० अंशांची टू-स्ट्रोक व्ही-ट्विन रस्त्यासाठी आणली. कल्पना निर्दोष होती : क्रँककेसमधून नुसती हवा न्यायची आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचे. मग उघड्या दारातून गेली तर हवा जाईल, पेट्रोल नाही. अडचण वेळेची. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर एका फेरीला ६.६७ मिलिसेकंद. पोर्ट मिटल्यापासून ठिणगीपर्यंत फार तर ८० अंश मिळतात, म्हणजे जेमतेम दीड मिलिसेकंद. तेवढ्यात पेट्रोल फवारले जाऊन, त्याची वाफ होऊन, हवेत मिसळायला हवे. आणि थ्रॉटल थोडा उघडा असताना, पुरा उघडा असताना, दर वेळी वेगळ्या प्रमाणात. रस्त्यावर इंजिन अडखळू लागले, ग्राहकांनी गाड्या परत केल्या, आणि काही वर्षांत कंपनी दिवाळखोरीत गेली. नंतर त्याच इंजिनावर साधे कार्ब्युरेटर बसवून काही गाड्या काढण्यात आल्या. त्या चालल्या. म्हणजे यंत्राचा सांगाडा चांगला होता. ज्या कामासाठी तो बनवला होता, तेवढेच जमले नव्हते.

जपानी २५० सीसीच्या रस्त्यावरच्या व्ही-ट्विन १९९९ च्या सुमारास बंद झाल्या, अप्रिलियाची आरएस २५० त्यानंतर थोडी टिकली. शर्यतीत हे इंजिन आणखी दहा वर्षे जगले. ८ नोव्हेंबर २००९ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला २५० सीसीची शेवटची शर्यत झाली, आणि होंडाच्या टू-स्ट्रोक व्ही-ट्विनवर हिरोशी आओयामा या गटाचा अखेरचा विश्वविजेता झाला. २०१० मध्ये त्याच्या जागी मोटो २ गट आला. सगळ्या संघांना एकच इंजिन मिळाले : ६०० सीसी, चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक. ते पुरवले होंडाने.